नानांची राजदूत आणि दोन लिटर पेट्रोल

(स्थळ : लष्कर, ग्वाल्हेर. दोन अंगणांमधली कमरेइतकी भिंत. ज्येष्ठातली संध्याकाळ, लू नुकती पडलेली. भिंतीच्या अलीकडे काकू, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्राच्या बाई. पलीकडे वहिनी, माहेरी इंदूरला राहून कालच परतलेल्या.)

आलात का वहिनी? काल रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला, म्हटलं आल्या असाव्यात. इंदूर काय म्हणतंय? ते सावकाश सांगा, आधी हे ऐका. तुम्ही माहेरी काय गेलात, इकडे शेजारी नानांच्या पोर्चमध्ये नुसता धुमाकूळ. राजदूत बाहेर निघाली!

अहो, कसली राजदूत काय विचारता? फटफटी! कोपऱ्यात ती ताडपत्री नाही का, तिच्याखालची. तुम्ही इतकी वर्षं तिला जुना कूलर समजत होतात? तुमचंही बरोबर आहे म्हणा. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हाही ती झाकलेलीच होती. पण एके काळी याच गाडीवरून नाना रोज एजी ऑफिसला जायचे. रविवारी तिघऱ्याच्या धरणावर सहल. पुढे टाकीवर मुलगा, मागे बायको, तिच्या मांडीवर मुलगी, आणि हँडलला डब्याची पिशवी. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५. मूळ डिझाइन पोलंडचं, एसएचएल नावाच्या गाडीचं. आपल्याकडे साठीच्या दशकात आली आणि दूधवाल्यांनी उचलून धरली. भितरवारकडून येणारे दूधवाले दोन्ही बाजूंना केटल्या लटकवून यायचे, ते हिच्यावरूनच. नाना मात्र सांगणार, ‘बॉबीतली गाडी आहे माझी!’ बॉबीतली ती जीटीएस, छोट्या चाकांची, वेगळीच. पण नानांना कोण सांगणार? मी सांगितलं होतं एकदा. चार दिवस बोलले नाहीत.

तर झालं काय, पुण्याहून नातू आला. तोच, संगणकवाला. घरून काम करतो म्हणे, घर कुठलं का असेना. पुण्यात हल्ली जुन्या गाड्या नव्या करायचं वेड आहे. आल्या आल्या ताडपत्री काढली, टाकीचं झाकण उघडलं, आणि असा वास सुटला की मी इथे तुळशीला पाणी घालत होते, मला शिंक आली. जुनं पेट्रोल वहिनी, त्याला पेट्रोलचा वास राहतच नाही. हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट गाळ, वार्निशच्या वासाचा. आत बघावं तर सगळं वीटकरी. खाली खपल्यांचा चिखल.

आणि नानांनी काय करावं? नाना बिडी ओढत आले, म्हणाले, ‘बघू, बघू,’ आणि वाकले टाकीच्या तोंडावर!

मी भिंतीवरून अशी ओरडले की समोरचे लोक गॅलरीत आले. अहो, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक. पेट्रोलची जळते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही तयार असतात, फक्त ठिणगीची वाट. नानांनी बिडी टाकली खरी, पण तेव्हापासून मला ‘फायर ब्रिगेड’ म्हणतात.

जुनं पेट्रोल तो पोरगा नाल्यात ओतायला निघाला होता. म्हटलं, खबरदार. स्वर्णरेखा नदी होती, तिचा नाला करून ठेवलाच आहे आपण, आता तिला आग लावायची राहिलीय. मग गॅरेजवाल्याने नेलं, पुर्जे धुवायला.

पण गंज आला कुठून, ते ऐका. नातू म्हणे, ‘काकू, इथेनॉलमुळे.’ सगळ्याचं खापर इथेनॉलवर फोडायची टूम निघालीय. अरे बाबा, ही गाडी झाकली तेव्हा कुठलं आलंय इथेनॉल तिच्यात? इथेनॉलचा हिशेब पुढचा, तो सांगते मग. हा गंज नानांच्या दोन लिटरचा आहे.

हो, दोन लिटरचा! नानांनी जन्मात कधी टाकी पूर्ण भरली नाही. पंपावर गेले की बोटं दाखवायची, दोन. वर टू-टी ऑइलचं माप. राजदूतला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे ना. का दोनच? तर गाडी चोरीला गेली तर पेट्रोल तरी वाचेल! हे त्यांचं अर्थशास्त्र. आता टाकीत दोन लिटर पेट्रोल म्हणजे बाकी सगळी हवा. आपल्याकडची जानेवारी आठवा. रात्री धुकं, पत्रा गार पडतो, आतल्या हवेतलं बाष्प छताला थेंब होऊन चिकटतं. दुपारी ऊन लागलं की टाकी गरम होते, हवा फुगून बाहेर जाते. रात्री परत गार, परत ओली हवा आत. झाकणाला बारीक भोक असतंच, ते नसेल तर पेट्रोल खाली उतरणार नाही. असे किती हिवाळे गेले, मोजा. थेंब ओघळून खाली आले की पेट्रोलच्या तळाशी जाऊन बसतात, पाणी जड ना. आणि टाकीचा आकार बघितलात का? फ्रेमच्या नळीवर ती दोन्ही बाजूंना पोट सोडून बसते, घोड्यावर खोगीर बसावं तशी. एका पोटाला कॉक, तिथून थोडंफार पाणी निघून तरी जातं. दुसऱ्या पोटातलं पाणी तिथेच राहतं. नानांची टाकी भोकाला आली ती नेमकी त्याच बाजूला.

भोक कसं पडलं? तोच तर किस्सा आहे!

पोराने मेकॅनिकला बोलावलं. तो आला, टाकी हलवली, खुळखुळ ऐकली आणि म्हणाला, ‘भैया, तेजाब डाल दो, दस मिनट में चकाचक.’ तेजाब म्हणजे संडास धुवायचं हो, हायड्रोक्लोरिक. पोराने बाटली आणली, ओतली, आणि मोबाइलवर कसली तरी मीटिंग लागली म्हणून आत गेला. दहा मिनिटांचे दोन तास झाले. मी दुपारची पडले होते, घशात खवखव. उठून बघते तर पोर्चमधून पांढरट धूर. दुसऱ्या दिवशी नानांच्या सायकलची चेन गंजलेली. तिथे खुंटीला लावलेला कोयता गंजलेला. तुमच्या फाटकाची कडी बघा, ती त्याच दिवशी तांबडी झाली. त्या आम्लाच्या वाफा जिथे लोखंड सापडेल तिथे बसतात. सुनेने डोक्याला हात लावला.

बरं, एवढं करून गंज गेला म्हणता? जिथे जायला हवा होता तिथे नाही गेला. तळाला ऑइलचं आणि जुन्या पेट्रोलचं वार्निश जमलं होतं, त्याच्याखाली आम्ल पोचलंच नाही. आणि जिथे पत्रा उघडा होता तिथे गंज खाऊन झाल्यावर ते लोखंडच खायला लागलं. बुडबुडे येत होते ते हायड्रोजनचे. पोरगा खूश, ‘काकू, बघा कसं काम करतंय!’ म्हटलं, करतंय, पण कोणाचं? संध्याकाळी नळाच्या पाण्याने विसळून टाकी पालथी ठेवली, सकाळी बघतो तर आतून शेंदरी. आधीपेक्षा जास्त. त्या आम्लातलं क्लोराइड शिवणीत अडकून बसतं, ते नुसत्या विसळण्याने जात नाही, आणि ते असलं की गंज धावत येतो. पाणी भरून पाहिलं तर खालच्या शिवणीतून टप् टप्.

नाना म्हणाले, दिल्लीला जा, करोलबागेत नवी टाकी मिळते. सून म्हणाली, एवढ्या खर्चात थोडी भर घालून मेळ्यात नवी गाडी आली असती, आरटीओचा कर निम्मा माफ होतो तिथे. १९०५ पासून मेळा भरतोय आपला, पण सासऱ्यांना टोमणा मारायला इतक्यांदा उपयोगी पडेल असं तो सुरू करणाऱ्या माधवराव महाराजांच्याही मनात आलं नसेल. पोरगा मात्र अडून बसला. टाकीवरचं ते मूळ नाव, हाताने ओढलेली सोनेरी रेघ, तीच हवी. मग गेला रेडिएटर झाळणाऱ्याकडे. तो मिस्त्री मात्र खरा जाणता निघाला. आधी विचारलं, धुतली का? किती वेळा? मग भोक वर येईल अशी टाकी धरली, आत पाणी भरलं, म्हणजे वाफेला जागाच उरू नये, आणि वरची तेवढी शिवण झाळून दिली. असा माणूस दिसला की मला बरं वाटतं. विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही, पण चूक एक नाही.

त्यानंतर स्वारी भिंतीशी. ‘काकू, आता तुम्हीच सांगा.’

म्हटलं, पहिलं काम गंज काढायचं नाही, चिकटा काढायचा. तेलकट पत्र्यावर कुठलंही आम्ल चालत नाही. तेलकट कढईत चिंच घासून बघ. कॉक काढून घे, त्या जागी रबराचा वायसर लावून बोल्ट बसव. कॉक आत ठेवून धुतलास तर त्याची जाळी गाळाने भरेल. मग कढत पाणी, कपडे धुवायची पावडर आणि धुण्याचा सोडा. आणि हलवायला आत काहीतरी खरबरीत हवं. तो निघाला नटबोल्ट टाकायला. म्हटलं, टाकशील मूठभर, निघतील मुठीला दोन कमी, आणि ते दोन कुठल्या पोटात बसलेत हे शोधायला तुला पुढचा जन्म लागेल. त्यापेक्षा सायकलची चेन सोड. ती गंजलेली आहेच, तुझ्याच कृपेने. एक टोक धरून ओढली की सबंध बाहेर.

मग काय, टाकी गोधडीत गुंडाळून पोरगा पोर्चमध्ये बसला. खडाम खुडुम, खडाम खुडुम. भर दुपारी! सगळ्या गल्लीची झोप उडाली. समोरच्या मावशींना वाटलं नळाचे पाइप बदलतायत, त्या बादल्या घेऊन पाणी भरायला लागल्या. निघालं ते पाणी आधी काळं, मग चहाच्या रंगाचं, मग तांबूस. पाणी पत्र्यावर थेंब थेंब न धरता सरळ पसरलं की समजायचं, तेल गेलं.

आणि मग आपलं लिंबाचं सत. दाल बाजारातून आणवलं. इथले दुकानदार टाटरी म्हणतात. म्हटलं, पुड्यावर सायट्रिक ॲसिड लिहिलंय का ते बघून घे, नाहीतर भलतंच आणशील. लिटरभर पाण्याला पन्नास ते शंभर ग्रॅम. कोमट पाणी घेतलं की काम लवकर होतं. टाकी काठोकाठ भरायची, कारण गंज छतालाही आहे. झाकण उघडंच ठेवायचं, आत थोडा वायू तयार होतो, तो कोंडायचा नाही. तोंडाभोवती व्हॅसलिन फासायचं, म्हणजे रंगावर ओघळ गेला तरी ती सोनेरी रेघ शाबूत.

हे आम्ल सौम्य का, तर ते नुसतं खात नाही, सुटलेलं लोखंड स्वतःशी धरून ठेवतं. गंज विरघळत जातो आणि पत्र्याला फारसा धक्का लागत नाही. पण फारसा म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. दोन-चार दिवस विसरून गेलात तर तेही पत्रा खाणारच. रात्रभर ठेवायचं, सकाळी बघायचं, हवं तर ताजं करून परत भरायचं. पाणी हिरवट-पिवळं होत गेलं. वास नाही, धूर नाही. नाना येऊन म्हणाले, ‘काहीच होत नाहीये.’ त्यांना धूर दिसल्याशिवाय काम चाललंय असं वाटत नाही, एजी ऑफिसात आयुष्य काढूनही!

सिरक्यानेही होतं हो. त्यात अॅसिटिक आम्ल चार-पाच टक्के, त्यामुळे हळू, आणि घरभर लोणच्याचा वास. मळीनेही होतं. मळी म्हणजे उसाची. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायचं. शेतकरी अवजारांना करतात. पण मेच्या उन्हात मळीचं पाणी आंबवत ठेवायचं म्हणजे माश्यांना आमंत्रण. गंमत बघा, ज्या मळीपासून इथेनॉल काढतात, तीच मळी गंजही काढते. मेकॅनिकने मग फॉस्फोरिकचं नाव काढलं. ते वाईट नाही. ते गंजाचं काळपट फॉस्फेट करतं आणि तो थर पत्र्याला धरून राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ नाही का, कुतुबाजवळचा? सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्याने वर फॉस्फेटचा पातळ पापुद्रा धरलाय. कानपूरच्या आयआयटीतल्या बालसुब्रमण्यम सरांनी त्यावर खूप काम केलं. मी मुलींना दर वर्षी सांगायचे. दर वर्षी एक तरी मुलगी विचारायची, मग बाई, आपल्या फाटकाला तो पापुद्रा का नाही? फार चांगला प्रश्न. लोखंडवाल्यांना विचारायला हवा.

खरी परीक्षा पुढे असते वहिनी. आम्ल ओतून दिल्यावर. पत्रा आतून करडा, उघडा, कोरा. अशा पत्र्याला ओल आणि हवा मिळाली की डोळ्यांदेखत शेंदरी झाक चढते. मी पोराला सांगितलं, आता मीटिंग नाही, फोन नाही, नाना नाहीत. खाण्याच्या सोड्याचं पाणी आत, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं. फसफसेल, घाबरू नकोस. मग साधं पाणी. मग लगेच थोडं स्पिरिट फिरव, ते पाण्याला आपल्यात ओढून घेतं. ओतून टाक, आणि ठेव उन्हात, दोन्ही तोंडं उघडी. ड्रायर लावायचा नाही, आत स्पिरिटची वाफ आहे.

आणि तिथे आपलं ग्वाल्हेर कामाला आलं. दुपारचे दोन, पंचेचाळीसच्या घरातला पारा, लू सुटलेली. पुण्या-मुंबईला या कामासाठी लोक किती खटपट करतात, इथे लूने फुकट करून दिलं. पत्र्याला हात लावता येईना इतकी तापली. मी एरवी लूला शिव्या घालते, त्या दिवशी नाही घातल्या. गार झाल्याबरोबर टू-टी ऑइल आणि थोडं पेट्रोल ओतून सगळीकडून फिरवलं, छताला, शिवणींना, दोन्ही पोटांना. आता ओल आली तरी आधी तेल.

कोटिंग? विचारत होता तो मेकॅनिक. आतून इपॉक्सी फासायचं म्हणे. माझं मत विचाराल तर टाकी चाळण झाली असेल तरच. पत्रा नीट साफ नसेल तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतात. गंजाची जागा त्यांनी घेतली, एवढंच. त्यापेक्षा चांगला फिल्टर लावावा आणि कार्ब्युरेटर उघडून जेट स्वच्छ करून घ्यावा.

हां, इथेनॉल. ते राहिलंच. मी शाळेतला मोजपात्राचा नळा आणला होता निवृत्तीच्या वेळी, माझ्याच पैशांनी घेतलेला होता हो, तसं बघू नका. त्यात पेट्रोल घेतलं, खाली थोडं पाणी घातलं, रेघेवर खूण केली आणि हलवलं. थोड्या वेळाने खालचं पाणी वाढलेलं! नाना थक्क. ‘म्हणजे पंपवाला पाणी घालतो?’ म्हटलं, नाही हो. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याकडे गेलं. २००३ पासून पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्केवालं पंपांवर यायला लागलं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, तेवढं एंजिनातून जळूनही जातं, त्यात उलट फायदाच. पण गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि पाणी हद्दीबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलला सोडतात आणि तळाला जाऊन बसतात. म्हणून उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरून, हवेला जागाच नको. नाहीतर पूर्ण रिकामी करून, आतून तेल फिरवून. अर्धवट ठेवायची नाही. रबरी नळ्याही जुन्या असतील तर बदलायच्या.

चालू झाली तर! परवाच. किका मारून मारून पोराचा पाय सुजला, आणि मग एकदम धाड् धाड् धाड्, सगळी गल्ली निळ्या धुरात. नानांच्या डोळ्यांत पाणी. धुराने असेल, मी काही खोलात शिरले नाही. पोराने थेट पंपावर नेली आणि टाकी फुल्ल केली.

त्यावरून घरात जे झालं! लिटर शंभराच्या वर गेलेलं, आणि पोर्चमध्ये एवढं पेट्रोल उघड्यावर? नाना रात्री दोनदा उठून कॉक बघतात. कॉकला कुलूप करून मिळेल का म्हणून त्या झाळणाऱ्याकडे जाऊन आले. आणि आज सकाळपासून नवीन सुरू केलंय, झाकण उघडून आत काठी घालतात आणि कुठपर्यंत ओली झाली ते बघून कॅलेंडरवर लिहून ठेवतात. कुठली काठी? मोगऱ्याच्या कुंडीतली. मी पाणी घातलं होतं कुंड्यांना, तीच टपकती उचलली. मी इथूनच ओरडले, ‘नाना, काठी तरी कोरडी घाला हो!’